बाइकचे फॉग लाइट एकाच स्विचवर कधी ब्लिंक, कधी स्थिर कसे चालवायचे?

तीन पिनांचा, मध्ये बंद राहणारा टॉगल स्विच घ्या. मधली पिन दिव्यांच्या प्लसला. रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) 87 नंबरच्या, दिव्यांना करंट देणाऱ्या पिनमधून येणाऱ्या वायरला दोन फाटे पाडा: एक थेट स्विचच्या एका टोकाला, दुसरा फ्लॅशरच्या (दिवे लुकलुकवणारी छोटी डबी) 'बी'ला, म्हणजे करंट आत घेणाऱ्या पिनला. फ्लॅशरचा 'एल', म्हणजे करंट बाहेर देणारी पिन, स्विचच्या दुसऱ्या टोकाला. फ्लॅशर इलेक्ट्रॉनिकच हवा (तिसरी पिन अर्थला). जुन्या थर्मल (आतली पट्टी तापून चालणाऱ्या) फ्लॅशरची गती दिव्यांच्या करंटवर अवलंबून असते, त्यामुळे तो एलईडीवर नीट लुकलुकेलच असं नाही. 20 वॉटचे दोन दिवे 12 व्होल्टवर साधारण साडेतीन अँपिअर खेचतात, म्हणून बॅटरीपाशी साडेसातचा फ्यूज पुरे. बंद-चालू केलं की रंग बदलणारे ते पिवळे-पांढरे दिवे मात्र या जोडणीवर प्रत्येक झपक्याला मोड बदलत बसतील. आणि समोरून गाडी येत असताना ब्लिंक नकोच, समोरच्याला काही दिसत नाही.