शार्ल द गोल ते ऑर्ली: साडेतीन तास पुरतील का?

तुमचा बेत असा आहे: मुंबईहून सकाळी ७.३० ला पॅरिसच्या शार्ल द गोलला उतरायचं आणि ११.०५ ला ऑर्लीहून लिस्बनचं विमान पकडायचं. तिकिटं वेगवेगळी, सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई आणि चार मोठ्या बॅगा. नाही पुरणार. दुसरं तिकीट अजून काढलं नसेल तर कृपा करून काढू नका.

सरळ रेषेत दोन्ही विमानतळांत जेमतेम ३५ किलोमीटर आहेत, त्यामुळे फसायला होतं. पण शार्ल द गोल शहराच्या ईशान्येला, ऑर्ली दक्षिणेला, आणि मधे अख्खं पॅरिस.

आता घड्याळ लावून बघा. ७.३० ला चाकं टेकली तरी दारातून बाहेर पडेपर्यंत पावणेआठ-आठ. मग पासपोर्टची रांग. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपाबाहेरच्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेणं सुरू झालंय, तेव्हा तासभर धराच. तिकिटं वेगळी असल्यामुळे बॅगा तुम्हालाच पट्ट्यावरून उचलायच्या आहेत. स्टेशनात पोचेपर्यंत साडेनऊ. आर-ई-आर बी या उपनगरी गाडीने पॅरिसच्या मध्यभागातल्या शातले स्टेशनपर्यंत ३५ मिनिटं, तिथे बदलून १४ नंबरच्या मेट्रोने ऑर्लीपर्यंत साधारण २५. गाडीची वाट बघणं, बॅगा ओढणं धरून ऑर्लीला पोचाल पावणेअकराला. आणि विमान ११.०५ चं असलं तरी तुमची खरी वेळ ती नाही. काउंटरवर सामान जमा करून घेणं ४० मिनिटं ते तासभर आधीच बंद होतं, म्हणजे दहा वाजून पाच मिनिटांच्या आत तुम्ही काउंटरपुढे हवेत.

माझ्या आईबाबांचं हेच झालं होतं. बारा मिनिटं उशीर. पट्टा थांबलेला, आई ट्रॉलीचा दांडा घट्ट धरून उभी, आणि काउंटरवरची मुलगी नम्रपणे मान हलवतेय. वेगळ्या तिकिटांमुळे कोणाचीच जबाबदारी नव्हती; नवी तिकिटं पूर्ण भावाने घ्यावी लागली. पैशांचं दुःख नंतर ओसरलं, आईचा तो चेहरा मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून एवढं तळमळीने लिहितोय.

टॅक्सीने वेळ वाचेल असं वाटतं, पण सकाळच्या गर्दीत तिचा भरवसा नाही. ठरावीक भाडं विमानतळ ते पॅरिस शहर एवढ्यापुरतंच आहे. दोन विमानतळांमध्ये मीटर पडतो. दोन विमानतळांना जोडणारी थेट बसही २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या लेखांतला तो सल्ला धरू नका.

मी तुमच्या जागी असतो तर शार्ल द गोलहूनच लिस्बनला जाणारं विमान घेतलं असतं, तेही मुंबईपासून एकाच तिकिटावर. थोडं महाग पडेल, पण बॅगा थेट लिस्बनला जातात आणि पहिलं विमान रखडलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. ऑर्लीच हवं असेल तर मधे किमान सहा तास ठेवा. व्हिसाची काळजी नको: मुख्य मुक्काम पोर्तुगालचा असेल तर पोर्तुगालचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) घेऊन फ्रान्समधून आत येता येतं, आणि ऑर्लीला पुन्हा पासपोर्टची रांग लागत नाही.

सासूबाईंसाठी व्हीलचेअर मात्र आत्ताच, तिकीट काढतानाच नोंदवा.