कॉलेज फुटबॉलचा संघ सतत हरू लागला, तर त्याला होकार दिलेले शाळकरी खेळाडू टिकतात का?

आपण विचारले आहे की, अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाचा फुटबॉल (म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायचा अमेरिकन फुटबॉल) संघ हंगामाच्या मध्यात ओळीने सामने हरू लागला, तर पुढच्या वर्षासाठी त्याला तोंडी होकार दिलेली बारावीची मुले टिकतात की गळतात. माझे उत्तर असे आहे की, नुसत्या पराभवाने मुले फारशी गळत नाहीत. पराभवाने मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची डळमळते, आणि मुले त्या खुर्चीमागे जातात. हे मला २०२२ च्या डिसेंबरात, माझ्याच स्वयंपाकघरात, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये कळले.

माझा मुलगा किकर, म्हणजे गोलखांबांमधून चेंडू लाथाडून गुण मिळवणारा खेळाडू, होता. पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गजवळच्या आमच्या गावात तो लहानपणापासून सॉकर, म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल, खेळत असे. नववीत असताना शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकांनी त्याला एका संध्याकाळी मैदानावर बोलावून सहज चेंडू मारायला लावला, आणि तेव्हापासून आमचे शनिवार-रविवार संपले. गोलखांबांच्या मागे उभे राहून चेंडू गोळा करण्याचे काम माझ्याकडे होते. २०२२ च्या जूनमध्ये एका विद्यापीठाच्या उन्हाळी शिबिरात त्याला अर्ध्या शिष्यवृत्तीचे आश्वासन मिळाले. हा संघ दुसऱ्या फळीतला होता, आणि त्याचे नाव येथे घेत नाही. मुलाने जागच्या जागी होकार दिला आणि आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून पेढे मागवून ओळखीच्यांना वाटले.

हंगाम सुरू झाला आणि संघ पहिले चार सामने हरला. ऑक्टोबरात दुसऱ्या एका विद्यापीठाच्या साहाय्यक प्रशिक्षकांनी मुलाला फोन करून, आमच्याकडे एकदा येऊन जा, असे सुचवले. न्यू जर्सीत राहणारे माझे साडू त्या आठवड्यात आमच्याकडे आले होते. ते म्हणाले, "अहो, सुपारी फुटली आहे, अक्षता पडलेल्या नाहीत. हरणाऱ्या संघात पोराला कशाला अडकवता?" मी म्हणालो की आपल्यात सुपारी फुटल्यावर दुसरी स्थळे बघत नाहीत. वाद रात्री साडेअकरापर्यंत चालला आणि माझी बायकोही साडूंच्या बाजूने बोलली. मी हटलो नाही. मुलाने माझे ऐकले आणि दुसऱ्या विद्यापीठाला नम्रपणे नकार कळवला.

नोव्हेंबरात आम्ही संघाचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना पाहायला गेलो. सप्टेंबरातल्या सामन्याला, होकार दिलेल्या मुलांसाठी राखलेल्या कठड्याजवळच्या जागेत, गळ्यात पट्टे अडकवलेली पंधरा-वीस मुले दाटीवाटीने उभी होती. या वेळी सात होती, आणि पाऊस पडत होता. आमच्या सरबराईसाठी नेमलेले साहाय्यक प्रशिक्षक दर दोन मिनिटांनी खिशातून फोन काढून बघत होते. मला वाटले की ते इतर सामन्यांचे गुण बघत असावेत. पुढे कळले की त्यांची नव्या नोकरीसाठी बोलणी चालू होती. संघाने ११ पैकी ९ सामने गमावले आणि हंगाम संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुख्य प्रशिक्षकांना काढून टाकण्यात आले.

तोंडी होकार लेखी पक्का करायचा, म्हणजे सह्यांचा, दिवस २१ डिसेंबर होता. त्याच्या आठ-नऊ दिवस आधी, संध्याकाळी, नव्या प्रशिक्षकांच्या कार्यालयातून फोन आला. मुलाने तो स्पीकरवर ठेवला. समोरच्या गृहस्थांनी आधी अभिनंदन केले, मग ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) एक अनुभवी किकर येत असल्याचे सांगितले, आणि शेवटी, शिष्यवृत्तीविना यायचे असल्यास दार उघडे आहे, असे म्हटले. कुकरची दुसरी शिट्टी झाली तेव्हा फोन आला होता आणि तिसरी व्हायच्या आत तो संपलाही होता. ऑक्टोबरात ज्यांना नकार दिला होता, त्यांच्याकडची जागा तोपर्यंत भरली होती. मुलगा अखेर तिसऱ्या फळीतल्या, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्तीच न देणाऱ्या, एका कॉलेजात गेला. तेथे तो आनंदाने खेळतो. मी मात्र अजून हिशेब मांडत बसलो आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. पेन स्टेटचे, म्हणजे पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे, २०२५ चे उदाहरण घ्या. संघ हंगामाआधी देशात दुसऱ्या क्रमांकावर मानला जात होता. तो ऑरेगन विद्यापीठाकडून हरला, मग तोवर एकही सामना न जिंकलेल्या लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाकडून ४२-३७ असा, आणि पुढच्या आठवड्यात नॉर्थवेस्टर्नकडून २२-२१ असा हरला. १२ ऑक्टोबरला मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना काढण्यात आले, आणि तेही करारानुसार त्यांना सुमारे ४.९ कोटी डॉलर देणे लागत असताना. नोव्हेंबरात फ्रँकलिन व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि पेन स्टेटला होकार दिलेली अनेक मुले त्यांच्यामागून तिकडे गेली. डिसेंबरात सह्यांच्या पहिल्या दिवशी पेन स्टेटकडे शाळेतून येणाऱ्या अवघ्या दोन मुलांच्या सह्या होत्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या हंगामाच्या नियमित सामन्यांपैकी पेन स्टेटने सहा सामने जिंकले आणि सहा हरले होते, तर व्हर्जिनिया टेकने तीन जिंकून नऊ गमावले होते. पराभवाला कंटाळून मुले गेली असती, तर अधिक हरणाऱ्या संघाकडे गेली नसती.

उलट बाजूने २०२४ चे मिशिगन विद्यापीठ बघा. आधीच्या हंगामाचा राष्ट्रीय विजेता संघ नोव्हेंबरात पाच विजय आणि पाच पराभव अशा अवस्थेत होता, आणि तरीही देशातला सर्वांत गाजलेला शाळकरी क्वार्टरबॅक (संघाचे आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) ब्राइस अंडरवुड याने २१ नोव्हेंबरला लुइझियाना स्टेट विद्यापीठाला (एलएसयूला) जानेवारीत दिलेला होकार मागे घेऊन मिशिगनचा हात धरला. घर जवळ होते, ही एक गोष्ट झाली; त्याला मिळणाऱ्या पैशांचे जे आकडे छापून आले, ती दुसरी. गुणफलकाचा त्यात फारसा संबंध नव्हता.

म्हणून आपण ज्या संघाची काळजी करीत आहात, त्याच्या पराभवांची संख्या मोजू नये. प्रशिक्षकाच्या कराराची किती वर्षे उरली आहेत, विद्यापीठाचे क्रीडा संचालक त्याच्याविषयी जाहीरपणे काय बोलतात किंवा बोलायचे टाळतात, आणि ज्या साहाय्यकाने मुलाला निवडले तो जागेवर आहे का, हे बघावे. हरणाऱ्या संघात पहिल्याच वर्षी मैदानावर उतरण्याची संधी असते, हे सतरा वर्षांच्या मुलांना आपल्यापेक्षा चांगले कळते. आणि मूल आपल्या घरातले असेल, तर सही होईपर्यंत दुसऱ्या विद्यापीठांचे फोन घेऊ द्यावेत. तोंडी होकार हा शब्द नव्हे, कारण समोरच्या बाजूने तो कधीच शब्द नसतो. मी एकट्याने तो शब्द मानला आणि त्याची किंमत मुलाने मोजली.

हे सगळे एका किकरच्या बापाचे मत आहे, हेही सांगायला हवे. संघाचे नशीब बदलू शकणाऱ्या क्वार्टरबॅकला कोणताही नवा प्रशिक्षक असा फोन करीत नाही. शिवाय आमच्या वेळेपासून नियम बरेच बदलले आहेत. १९६४ पासून चालत आलेले नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे सह्यांच्या दिवशी खेळाडू ज्यावर सही करीत ते करारपत्र, २०२४ मध्ये रद्द झाले, सह्यांचा काळ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला, आणि २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. संघातील खेळाडूंची संख्याही आता अनेक मोठ्या विद्यापीठांत १०५ वर बांधलेली असते, त्यामुळे तेथे 'शिष्यवृत्तीविना ये' हे दारही पूर्वीइतके उघडे राहिलेले नाही.

साडूंचा सल्ला बरोबर होता, हे मी मान्य केले आहे. परंतु त्यांचे कारण चुकीचे होते. संघ हरतो म्हणून सोडा, असे ते म्हणत होते. आणि प्रशिक्षक टिकले असते, तर त्याच हरणाऱ्या संघात माझा मुलगा पहिल्या वर्षापासून खेळला असता. हे मी त्यांना आजवर दोन दिवाळ्यांना समजावून सांगितले आहे. ते चकली मोडत म्हणतात, "म्हणजे मी सांगितले तेच करायला हवे होते ना?"