बाथरूमची खिडकी, बोनस आणि कार्डाची थकबाकी

प्रश्न: मुलुंड पूर्वेला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा स्वतःचा फ्लॅट आहे. समोर टॉवर उभा राहिल्यापासून बाथरूममधलं सगळं दिसतं. खिडकीला साध्या काचेच्या पट्ट्या आहेत. मुलगी चौदा वर्षांची आहे, म्हणून सध्या आतून पुठ्ठा लावलाय. फिल्मचे 700, पट्ट्या बदलायचे 2,800 आणि नव्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) स्लायडिंग खिडकीचे 19,500 सांगितले आहेत. स्लायडिंग नो कॉस्ट ईएमआयवर घ्यावी आणि 60,000 चा बोनस मुलीच्या नावाने एफडीत टाकावा, असा विचार आहे. क्रेडिट कार्डावर 42,000 थकीत आहेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. गॅस गीझर बाथरूममध्येच आहे. सोसायटीने पुनर्विकासासाठी विकासक नेमला आहे.

उत्तर:

ताई, आधी तो पुठ्ठा काढा. हे पत्र वाचून झाल्यावर लगेच. गॅस गीझर चालू असताना बाथरूममधला ऑक्सिजन कमी होतो आणि हवा खेळती नसेल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गरगरतं आणि कडी काढायच्या आधीच शुद्ध हरपते. पट्ट्यांच्या फटी हाच तुमच्याकडे हवा यायचा मार्ग होता आणि तोच बंद झालाय. काच बदलेपर्यंत पाणी स्वयंपाकघरात तापवून बादलीने न्या, आणि खिडकीवर खालून-वरून हवा जाईल असा सैल पडदा सोडा.

मुलीला अंघोळीला जाताना संकोच वाटू नये, ही गरज आहे. त्यात काटकसर करू नका, फक्त ती गरज 2,800 मध्ये पुरी होते. पट्ट्यांची चौकट धड असेल तर काचवाला जुन्या पट्ट्या क्लिपमधून सरकवून काढतो आणि त्याच मापाच्या नव्या बसवतो. पिनहेड काच मागा, म्हणजे टिपक्यांसारखे उठाव असलेली. घासून केलेली दुधी काच खरखरीत बाजूने ओली झाली की बरीच पारदर्शक होते, आणि बाथरूममध्ये ती ओली होणारच. पिनहेडचे उठाव मोठे असल्याने तिला पाण्याने फारसा फरक पडत नाही. शिवाय पट्ट्या बाहेरच्या बाजूला खाली कललेल्या असतात, त्यामुळे अर्ध्या उघड्या ठेवल्या तरी वरच्या मजल्यांवरून आतलं दिसत नाही आणि हवा चालू राहते. स्लायडिंगमध्ये आडोसा हवा तर खिडकी बंदच ठेवावी लागते.

फिल्म सपाट सलग काचेवर चांगली. तुमच्याकडे ती प्रत्येक पट्टीला वेगळी कापावी लागेल आणि वाफेने कडा सुटतील. आरशासारखी फिल्म कोणी सुचवली तर घेऊ नका. रात्री आत दिवा आणि बाहेर अंधार असला की तिच्यातून बाहेरच्याला आतलं दिसतं.

स्लायडिंग नको म्हणायचं दुसरं कारण पुनर्विकास. करारात चटई क्षेत्र, भाडं, कॉर्पस (विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम) यांची बोलणी होतात. एखाद्या घरातल्या नव्या खिडकीचे पैसे सहसा कोणी वेगळे देत नाही. इमारत पाडली की तुमचे 19,500 तिच्याबरोबर जातील.

आता कार्ड. 42,000 वर साडेतीन टक्क्यांनी महिन्याला 1,470 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 1,735. थकबाकी तशीच राहिली तर वर्षाला 20,800 च्या आसपास. म्हणजे दर वर्षी एका यूपीव्हीसी खिडकीहून जास्त रक्कम तुम्ही बँकेला देताय आणि घरात काहीच येत नाही. उलट 60,000 च्या एफडीवर 7 टक्के धरले तरी वर्षाला 4,200. मुलीसाठी काही बाजूला ठेवावं ही तुमची इच्छा मला फार मोलाची वाटते, पण ही थकबाकी असताना एफडी केली तर तिच्याच वाट्याचे पैसे व्याजात जातात.

नो कॉस्ट ईएमआयलाही खर्च असतो: प्रोसेसिंग फी, शिवाय व्याजाच्या भागावर जीएसटी. रोखीने किती कमी होतील, हे दुकानदाराला विचारलंत की बरंच उघड होतं. आणि हप्ता दरमहा तुमच्या किमान देय रकमेत येऊन बसतो. आज तीच तुम्हाला जड जातेय.

माझ्या मते बोनस असा वापरा. 42,000 कार्डाला. 2,800 काचेला. 8,000 पर्यंत विजेचा छोटा गीझर आणि वायरिंग. 3 किलोवॅटचा गीझर सुमारे 13 अँपिअर घेतो, म्हणून 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि धड अर्थिंग हवं. जुन्या इमारतीत हे इलेक्ट्रिशियनकडून तपासल्याशिवाय गीझर आणूच नका. गॅस गीझर मग काढून टाका. उरलेले 7,200 एफडीत न अडकवता बचत खात्यात राहू द्या, म्हणजे पुढच्या अडचणीला कार्ड काढावं लागणार नाही. कार्डाचे जे पैसे दरमहा जात होते, त्यांतून मुलीच्या नावाने आरडी सुरू करा.

कार्ड भरताना फक्त शेवटच्या बिलावरचा आकडा भरून थांबू नका. बिल निघाल्यापासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. कस्टमर केअरला फोन करून त्या दिवसाची पूर्ण रक्कम विचारा, तेवढी भरा आणि पुढचं बिल शून्याचं आलंय का ते बघा.