गिलावा व्हायच्या आधी एवढं कर

भावा, जुळे सोलापुरात घर बांधतोयस आणि गिलावा अजून व्हायचाय म्हणजे घरात इंटरनेटच्या वायरी कशा टाकायच्या हे वेळेत विचारलंस, मी फरशी बसल्यावर जागा झालो आणि भिंती परत फोडल्या.

सुरुवातीला एवढंच बघ:

- सगळ्या खोल्यांच्या वायरी एकाच जागी आण, एका खोलीतून दुसरीत जोडत नेऊ नको. जागा हवेशीर पाहिजे. पत्र्याखालच्या माळ्यावर तर राउटर अजिबात नको, आपल्याकडचा मे महिना माहितेय ना!
- वायर कॅट ६ (इंटरनेटच्या केबलचा एक प्रकार) घे, पण पूर्ण तांब्याचीच. स्वस्तातली बऱ्याचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली निघते, इथंच सगळे फसतात. एका ओढीची लांबी १०० मीटरच्या आत, घरात तेवढी लागतच नाही म्हणा.
- लाइटच्या पाइपात ही वायर घालू नको, वेगळा पाइप टाक. इलेक्ट्रिशियन "काय होत नाही ओ" म्हणेल, ऐकू नको.
- टीव्हीमागं दोन वायरी, हॉलच्या छताला वायफायसाठी एक.

पाइप जरा मोठाच घे आणि आत ओढदोरी (नंतर वायर ओढून घ्यायला दोरी) सोडून ठेव. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नावं लिही. गिलाव्याआधी भिंतींचे फोटो काढ, नंतर खिळा ठोकताना आठवण येईल माझी.

नेटवर्कचा स्विच (या सगळ्या वायरी जोडायचा डबा), तो ठेवायचा रॅक वगैरे नंतर बघू.