आधी संख्या, मग सीमारेषा : प्रभागांच्या फेररचनेविषयी वाचकांचे प्रश्न

शहरातील प्रभागांच्या सीमा आणि सभागृहाची सदस्यसंख्या यांच्या फेरविचारासंबंधी आलेल्या पत्रांमधील चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला जागा अधिक दिली आहे, कारण पत्रांचा रोखही मुख्यतः तिकडेच होता.

प्रश्न : आमच्या शहरात प्रभागांच्या फेररचनेबरोबरच नगरसेवकांची संख्या एकतृतीयांशाने कमी करण्याचा प्रस्ताव आहे. खर्च वाचेल आणि सभागृहाचे कामकाज सुटसुटीत होईल, असे सांगितले जाते. नगरसेवक किती असावेत, याचे काही शास्त्र आहे का?

उत्तर : सर्वमान्य म्हणावे असे शास्त्र नाही. राष्ट्रीय संसदांच्या बाबतीत राइन टागेपेरा या राज्यशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दाखवून दिले होते, की अनेक देशांतील प्रतिनिधींची संख्या त्या त्या देशाच्या लोकसंख्येच्या घनमुळाच्या आसपास असते. हा नियम शहरांना मात्र लागू पडत नाही. अमेरिकेतील शिकागोची २०२० च्या जनगणनेतील लोकसंख्या सुमारे साडेसत्तावीस लाख असल्याने तिच्या घनमुळाप्रमाणे तेथे १४० सदस्य असायला हवेत, प्रत्यक्षात तेथे १९२३ पासून ५० प्रभाग आहेत. त्याच देशातील लॉस एंजेलिसमध्ये १९२५ पासून १५ सदस्य आहेत आणि लोकसंख्या सुमारे ३९ लाखांवर गेली आहे. म्हणजे एका शहरात एका प्रतिनिधीमागे सुमारे ५५ हजार माणसे आहेत, तर दुसऱ्यात सुमारे २ लाख ६० हजार. मुंबई महानगरपालिकेच्या २२७ जागा आणि २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या घेतली, तर गुणोत्तर शिकागोइतकेच, म्हणजे ५५ हजारांच्या आसपास येते. यांपैकी कोणते प्रमाण बरोबर, हे गणिताने ठरत नाही. नगरसेवकाकडून कोणत्या कामाची अपेक्षा आहे, यावर ते ठरते.

इंग्लंडमध्ये २०१० पासून काम पाहणाऱ्या स्थानिक शासन सीमा आयोगाची पद्धत या संदर्भात पाहण्यासारखी आहे. हा आयोग नकाशाला हात लावण्यापूर्वी सदस्यसंख्या ठरवतो आणि त्यासाठी त्या नगरपरिषदेला तीन गोष्टी विचारतो : निर्णय कसे घेतले जातात, प्रशासनावर देखरेख ठेवणाऱ्या समित्यांना किती माणसे लागतात आणि नागरिकांच्या तक्रारी व भेटीगाठींत सदस्याचा किती वेळ जातो. कोणत्याही नगरपरिषदेसाठी कमाल किंवा किमान आकडा ठरवून दिलेला नाही, त्यामुळे मागणी करणाऱ्याला कारणे द्यावीच लागतात. बर्मिंगहॅमच्या कारभाराविषयी २०१४ च्या अखेरीस एक कडक अहवाल आल्यानंतर तेथील सदस्यसंख्या १२० वरून १०१ झाली आणि प्रत्येकी तीन सदस्यांच्या ४० प्रभागांऐवजी एक किंवा दोन सदस्यांचे ६९ प्रभाग तयार झाले. २०१८ ची निवडणूक या नव्या रचनेवर झाली. येथे संख्या कमी झाली, पण प्रभाग लहान झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्या पत्रातील प्रस्तावात नेमके उलटे घडणार आहे. समजा, ६ लाख लोकसंख्येच्या शहरात एकसदस्यीय ६० प्रभाग आहेत, म्हणजे प्रत्येक प्रभागात सरासरी १० हजार लोक राहतात. शहराच्या एका भागात ६ हजार लोकांची एकसंध वस्ती आहे आणि तिचे पाण्याचे, कचऱ्याचे, घरांच्या मालकीचे प्रश्न इतरांपेक्षा वेगळे आहेत. आज ही वस्ती आपल्या प्रभागात साठ टक्के आहे आणि तिथला नगरसेवक तिला टाळू शकत नाही. प्रभाग ४० केले की सरासरी १५ हजारांवर जाते आणि तीच वस्ती, तिची एकही गल्ली न फोडता, चाळीस टक्क्यांवर येते. सीमा आखणाऱ्याच्या मनात कसलाही डाव नसला तरी परिणाम झालेला असतो. फेररचनेतील सर्वांत परिणामकारक निर्णय नकाशावर नसून त्या आधीच्या एका आकड्यात असतो, असे माझे मत आहे. गंमत अशी, की हरकतींचा पाऊस नकाशावर पडतो आणि आकडा मात्र एखाद्या बैठकीत निवांतपणे संमत होऊन जातो.

खर्चाविषयी थोडक्यात. मानधन, भत्ते आणि कार्यालय यांवर प्रत्येक सदस्यामागे वर्षाला किती रक्कम जाते आणि ती शहराच्या एकूण अंदाजपत्रकाच्या किती टक्के आहे, हे दोन आकडे प्रस्ताव मांडणाऱ्यांकडून लेखी मागावेत. नागरिकांच्या तक्रारी सदस्य कमी केल्याने कमी होत नाहीत. उरलेल्या सदस्यांना त्या हाताळण्यासाठी पगारी मदतनीस लागतात, म्हणून त्यांचा खर्चही हिशेबात धरला आहे का, तेही विचारावे.

प्रश्न : प्रभाग समान असावेत म्हणजे लोकसंख्या समान असावी की मतदार? आणि किती टक्क्यांची तफावत चालते?

उत्तर : दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. इंग्लंडमध्ये मतदारांची संख्या धरतात, तर अमेरिकेत आणि भारतात सामान्यतः जनगणनेतील लोकसंख्या धरली जाते. अमेरिकेत फक्त मतदारच मोजावेत, अशी मागणी तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे गेली होती. २०१६ मध्ये न्यायालयाने एकूण लोकसंख्या धरणे घटनेला धरून आहे, असा निर्वाळा दिला. मुले, नोंदणी न झालेले प्रौढ आणि परदेशी रहिवासी यांनाही रस्ता व पाणी लागतेच, ही लोकसंख्येच्या बाजूची भूमिका मला अधिक पटते.

तरीही लोकसंख्येचा आकडा डोळे मिटून घेता येत नाही. आयोवा राज्यातील अॅनामोसा या छोट्या गावात तुरुंगातील कैदी स्थानिक लोकसंख्येत धरले गेले होते. त्यामुळे एका प्रभागातील सुमारे चौदाशे माणसांपैकी तेराशेच्या आसपास माणसे मताधिकार नसलेले कैदी होती. २००५ च्या निवडणुकीत त्या प्रभागात उमेदवारच नव्हता आणि मतपत्रिकेवर हाताने नाव लिहून दिलेल्या अवघ्या दोन मतांवर एक जण निवडून आला. कागदावर हा प्रभाग इतरांच्या बरोबरीचा होता. पुढे त्या गावाने प्रभागपद्धतच सोडून दिली. वसतिगृहे, छावण्या किंवा मोठी रुग्णालये असलेल्या भागांबाबत हेच तपासून पाहावे लागते.

विषमता किती टोकाला जाऊ शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण टेक्सासमधील मिडलँड काउंटीचे आहे. तेथील चार विभागांपैकी एका विभागात ६७,९०६ आणि उरलेल्या तिघांत अनुक्रमे ८५२, ४१४ आणि ८२८ लोक होते, आणि प्रत्येक विभागाला प्रतिनिधी मात्र एकच. या प्रकरणात १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व स्थानिक संस्थांनाही लागू केले. आज तेथे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान प्रभागांच्या विचलनांतील (म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांतील) एकूण अंतर दहा टक्क्यांच्या आत असेल, तर ते सहसा किरकोळ मानतात. इंग्लंडमधील हिशेब वेगळा आहे : तीस टक्क्यांहून अधिक प्रभाग सरासरीपासून दहा टक्क्यांपेक्षा जास्त ढळले, किंवा एखादाच प्रभाग तीस टक्क्यांहून अधिक ढळला, तर तो फेरआढाव्याचा निकष धरला जातो. ‘दहा टक्के’ हा शब्द ऐकल्यावर तो सरासरीपासून मोजला आहे की दोन टोकांमध्ये, हे आधी विचारावे, कारण दोहोंत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो.

प्रश्न : प्रारूप आराखड्यात आमची वसाहत मधोमध दोन प्रभागांत विभागली गेली आहे. हरकत कशी घ्यावी, म्हणजे ती नुसती फायलीत पडून राहणार नाही?

उत्तर : हरकतींमध्ये सर्वाधिक आढळणारे वाक्य म्हणजे ‘आमची वस्ती फोडू नये’, आणि त्याच वाक्याचा उपयोग सर्वांत कमी होतो. आराखडा करणाऱ्यापुढे अशी शेकडो पत्रे असतात आणि प्रत्येक वस्ती अखंड ठेवली तर आकडे जुळत नाहीत, हे त्याला ठाऊक असते. एका प्रभागात दोन हजार माणसे घातली, की तेवढीच दुसरीकडून काढावी लागतात, ती तिसऱ्यात जातात आणि धक्का पुढेपुढे सरकत राहतो. म्हणून पर्यायी आखणी सुचवणे हाच खरा मार्ग आहे. आपली वसाहत ज्या प्रभागात एकत्र यावी असे वाटते, त्यात किती लोक वाढतील, बदल्यात कोणता भाग शेजारच्या प्रभागात जाईल आणि त्यानंतर दोन्ही प्रभाग सरासरीपासून किती टक्के दूर राहतील, हे एका पानात मांडता आले पाहिजे. त्यासाठी जनगणनेच्या सर्वांत लहान एककाचे, म्हणजे प्रगणक गटाचे, आकडे आणि नकाशे मागून घ्यावेत. सीमा बहुधा या गटांच्या कडांवरूनच जातात आणि गटाच्या पोटातून रेषा नेण्याची मागणी तांत्रिक कारणावरच बाद होऊ शकते.

आराखड्याची आखणी कुठून सुरू झाली, तेही पाहावे. शहराच्या कडेच्या भागाला, नदीच्या किंवा समुद्राच्या टोकाला असलेल्या वस्तीला शेजारी एकाच बाजूला असतात, त्यामुळे तेथील प्रभागाला पर्याय कमी असतात. आखणी अशा कोपऱ्यातून सुरू झाली, तर उरलीसुरली तडजोड मध्यभागाच्या वाट्याला येते. आपली वसाहत मध्यभागी असेल, तर ती फुटण्याचे खरे कारण पाच प्रभाग पलीकडे दडलेले असू शकते आणि हरकत तिथपर्यंत जाऊन घ्यावी लागते.

‘एकजिनसी वस्ती’ हा दावा पुराव्याने मांडावा. कनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सस्कॅचवान प्रांताच्या प्रकरणात असे म्हटले, की मताधिकाराचा हेतू केवळ संख्येची काटेकोर समानता हा नसून परिणामकारक प्रतिनिधित्व हा आहे, आणि भूगोल, समाजाचा इतिहास व हितसंबंध यांसाठी संख्येत काही ढील देता येते. इंग्लंडच्या कायद्यातही मतदारसंख्येच्या समानतेबरोबर स्थानिक समाजाची ओळख आणि सोयीचा कारभार हे निकष आहेत. तेव्हा मुले कोणत्या शाळेत जातात, बाजार कोणता, बसथांबा व दवाखाना कुठे, पाण्याची टाकी कोणती, या गोष्टी लिहाव्यात. ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या एकत्र आहोत’ या वाक्यापेक्षा एकाच टाकीवरून पाणी येते, ही माहिती अधिक उपयोगी पडते, कारण टंचाईच्या काळात दोन नगरसेवकांमध्ये टोलवाटोलवी कशी होईल, हे तिच्यातून लगेच कळते.

रस्त्याच्या मध्यरेषेवरून सीमा नेण्याचा मोह आराखडा करणाऱ्यांना फार असतो. रेल्वेमार्ग, नाला किंवा ओलांडता न येणारा महामार्ग वस्त्यांना खरोखरच वेगळे करतो, त्यामुळे तिथे सीमा शोभते. बाजारपेठेचा रस्ता मात्र दोन्ही बाजूंच्या लोकांना एकत्र आणतो. अशा रस्त्याच्या मधून रेषा गेली, तर एकाच बाजारातील समोरासमोरच्या दुकानदारांचे नगरसेवक वेगळे होतात आणि पदपथ कोणी दुरुस्त करायचा, यावर पत्रव्यवहार चालू राहतो. अशी सीमा एक गल्ली मागे, इमारतींच्या पाठीमागून न्यावी, अशी सूचना बऱ्याचदा मान्य होण्यासारखी असते, कारण तिच्यामुळे थोडीच माणसे इकडची तिकडे होतात.

भविष्यातील वाढीचा मुद्दा आपण पत्रात मांडलेला नाही, पण तो मांडावा. इंग्लंडमध्ये आढावा पूर्ण झाल्यानंतरच्या पाच वर्षांतील मतदारसंख्येचा अंदाज घेऊन प्रभाग आखले जातात. जुन्या जनगणनेवर आखलेला प्रभाग तेथे नव्या इमारती उभ्या राहिल्यामुळे पहिल्याच निवडणुकीपर्यंत फुगलेला असू शकतो. बांधकाम परवानग्यांची नोंद हा त्यासाठी चांगला पुरावा आहे.

प्रश्न : राज्यकर्त्यांनी सोयीची रचना केली, तर न्यायालय ती रद्द करू शकते का?

उत्तर : देशागणिक उत्तर बदलते. अलाबामातील टस्कीगी शहराची हद्द १९५७ साली चौकोनाऐवजी अठ्ठावीस बाजूंची विचित्र आकृती करून बदलण्यात आली आणि सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सर्व जण शहराबाहेर काढले गेले. गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही. १९६० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा बदलाला घटनेचा अडसर आहे, असे ठरवले. भारतात मात्र घटनेच्या अनुच्छेद २४३-झेडजी नुसार प्रभागांच्या परिसीमनाशी (सीमा ठरवण्याशी) वा जागांच्या वाटपाशी संबंधित कायद्याच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येत नाही. त्यामुळे येथे हरकती व सुनावणीचा टप्पा हीच नागरिकाची खरी संधी असते आणि ती मुदत चुकवणे महागात पडते.

न्यायालयाचा रस्ता मोकळा असला तरी तो वेळेत पोहोचवतोच असे नाही. टोरांटोमध्ये अनेक वर्षांच्या आढाव्यानंतर ४४ ऐवजी ४७ प्रभागांची रचना मंजूर झाली होती. २०१८ च्या निवडणुकीसाठी अर्ज भरण्याची मुदत ज्या दिवशी, २७ जुलैला, संपत होती, त्याच दिवशी प्रांतिक सरकारने सभागृह २५ सदस्यांचे करण्याची घोषणा केली. ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि २२ ऑक्टोबरला २५ प्रभागांवरच मतदान पार पडले. पूर्वी एका प्रतिनिधीमागे सुमारे ६२ हजार लोक होते, ते प्रमाण एका फटक्यात लाखाच्या वर गेले. कनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी तो कायदा वैध ठरवला, पण तो निकाल १ ऑक्टोबर २०२१ रोजी लागला. तोपर्यंत त्या सभागृहाची जवळजवळ तीन वर्षे उलटून गेली होती.