राक्षसाची अर्धी राहिलेली गोष्ट

"आजीच्या राक्षसांच्या, जादूच्या गोष्टींमुळे मूल भित्रे होते का?" हा प्रश्न पालक मला वारंवार विचारतात. गेल्या पावसाळ्यात, सोलापुरातील एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहणारे गृहस्थ हीच तक्रार घेऊन पत्नी आणि सहा वर्षांच्या मुलासह आले होते. मुलगा रात्री एकटा न्हाणीघरात जात नसे, म्हणून महिनाभरापूर्वी त्यांनी आपल्या आईला गोष्टी सांगण्यास बंदी केली होती. तरीही भीती वाढतच गेली आणि मायलेकांत अबोला सुरू झाला तो वेगळाच.

मी मुलाला राक्षसाचे चित्र काढायला सांगितले. राक्षसाने सगळा कागद व्यापला; खालच्या कोपऱ्यात मात्र बोटाच्या पेराएवढा पिंजरा होता आणि त्यातला पोपट त्याने हिरव्या खडूने इतका दाबून रंगवला होता की तिथे कागद फाटला होता. राक्षसाचा जीव त्या पोपटात आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते.

"मग पुढे?"

"राजपुत्राने पिंजऱ्याला हात लावला, तेवढ्यात राक्षसाची पावलं वाजली. मग पप्पांनी लाइट बंद केला."

मुलांच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या मांडणीनुसार साधारण 2 ते 7 वर्षांची मुले निर्जीव वस्तूंनाही जीव असल्याचे मानतात. अशा वयात गोष्टीत जिवंत राहिलेला राक्षस घरातच मुक्कामाला राहतो, यात नवल नाही. लोककथा भीती दाखवते आणि तिला मारण्याची युक्तीही हाती देते. इथे युक्ती तेवढी हिरावली गेली होती.

मी बंदी उठवायला सांगितले. गोष्ट झोपायच्या वेळी न सांगता जेवणाआधी सांगावी, एका बैठकीत संपवावी, आणि "राक्षस खरंच असतो का?" असे मुलाने विचारल्यास "गोष्टीत असतो" एवढेच उत्तर द्यावे. (गोष्ट पूर्ण होऊनही भीती आठवडेच्या आठवडे टिकली, तर मात्र कारण शाळेत किंवा घरातल्या भांडणांत शोधावे लागते.)

पुढच्या भेटीला आजी आल्या आणि त्यांनी माझ्यासमोरच गोष्ट पुरी करायला घेतली. राजपुत्राने पोपटाची मान धरताच नातू ओरडला, "आजी, मान नको मुरगळू, त्याला सोडून दे!"

आजी गोंधळून माझ्याकडे पाहत त्याला म्हणाल्या, "अरे, मग राक्षस मरायचा कसा?"