टिकल्यांचे कान : आधी बैठक, मग चमक

शाळांची स्नेहसंमेलने जवळ आली की या सदराकडे ससा, मांजर आणि उंदीर यांच्या पोशाखांविषयी पत्रे येऊ लागतात. या वेळी चार पत्रांत एकाच वस्तूची चौकशी आहे, ती म्हणजे टिकल्या लावलेल्या कानांचा हेअरबँड. म्हणून हा अंक त्यालाच दिला आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी पहिलीत आहे आणि ससा-कासवाच्या नाटुकल्यात ती ससा होणार आहे. महाद्वार रोडवरून चंदेरी टिकल्यांचे कापड आणले, पण कान कापताच कडेच्या टिकल्या ओळीने उसवू लागल्या. मशीनवर दोन सुया मोडल्या. कसेबसे कान तयार झाले, तर ते पुढे लवतात. माझे कुठे चुकले?
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण कापड चांगले निवडले आहे, फक्त त्याची घडण लक्षात घ्यायची राहिली. या कापडात पातळ जाळीवर टिकल्या सलग साखळी टाक्याने बसवलेल्या असतात. तो दोरा एका जागी तुटला, की ओढ लागेल तशी पुढची प्रत्येक टिकली सुटत जाते. त्यामुळे कापण्यापूर्वी दोरा जागच्या जागी धरून ठेवावा लागतो. कापड उलटे पसरून खडूने कानाचा आकार काढावा, त्या रेषेवर कापडाच्या गोंदाचा अगदी पातळ थर बोटाने फिरवावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच रेषेबाहेर १ सेंमी माया (शिवणीसाठीची जादा कड) सोडून कापावे. घरातली जुनी कात्री घ्यावी, कारण टिकल्यांनी धार लवकर जाते.

यानंतरचे काम किचकट आहे, पण ते टाळू नये. मायेतल्या सगळ्या टिकल्या काढून टाकायच्या असतात. त्यासाठी दोरा कापू नये, टिकलीच कडेपासून मधल्या भोकापर्यंत कापावी, म्हणजे ती अलगद निघते आणि दोरा शाबूत राहतो. तुकडे उडतात, म्हणून चष्मा घालावा आणि लहान मुलांना जवळ बसवू नये. अशी मोकळी केलेली १ सेंमीची पट्टी मिळाली की मशीनच्या सुईच्या वाटेत टिकली येत नाही आणि सुया मोडत नाहीत. तरीही सशाच्या अरुंद कानासाठी माझे मत हातशिलाईच्या बाजूने आहे. उलटे शिवून मग सुलटे करताना टिकल्या एकमेकींत अडकतात आणि टोकाचा आकार बिघडतो. त्यापेक्षा पुढे टिकल्यांचे कापड, मागे मऊ फेल्ट, असे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून पुढची माया आत दुमडावी आणि कडेने बारीक काजटाका (बटणाच्या काजाला घालतात तसा टाका) घालत यावे. या कापडाला मखमलीसारखी लव असते, म्हणजे टिकल्या एकाच दिशेला झुकलेल्या असतात, हेही ध्यानात ठेवावे. एका कानाची लव वर आणि दुसऱ्याची खाली गेली, तर प्रकाशात दोन कान दोन वेगळ्या रंगांचे दिसतात. इस्त्री मात्र मुळीच फिरवू नये. टिकल्या प्लास्टिकच्या असल्याने उष्णतेने वळतात आणि त्यांची चकाकी परत येत नाही.

आता कान लवण्याविषयी. बहुतेक ठिकाणी आत पुठ्ठा घातलेला आढळतो. पुठ्ठा घाम शोषून नरम पडतो आणि एकदा मुडपला की तिथेच पुन्हा मुडपतो. १८ ते २० सेंमी उंचीच्या कानासाठी ३ मिमी जाडीचा फोम घ्यावा. फाटलेल्या योगा मॅटचा तुकडाही चालतो. तो कानाच्या आकारापेक्षा चहूबाजूंनी २ मिमी लहान कापावा आणि त्याच्या कडेने १ ते दीड मिमी जाडीची ॲल्युमिनियमची तार फिरवून टाक्यांनी धरावी. एका कानाला सुमारे ५५ सेंमी तार लागते. खरा आधार तारेच्या पायांत असतो. तारेची दोन्ही टोके कानाच्या बुडाशी कापून टाकू नयेत. ती प्रत्येकी ४ सेंमी बाहेर ठेवून काटकोनात वाकवावीत, एक पुढच्या आणि एक मागच्या दिशेला नव्हे, तर बँडच्या लांबीवरच उजवीकडे आणि डावीकडे. टोके आत वळवून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी. हे पाय बँडच्या वरच्या बाजूला ठेवून जाड दोऱ्याने घट्ट बांधावेत, मग सबंध बँडवर साटीनची रिबीन तिरकी गुंडाळावी (दीड ते दोन मीटर पुरते) आणि शेवटी कानाचे कापड त्या रिबिनीला शिवून टाकावे. आपल्या कानांना टोकापर्यंत सगळे काही होते, फक्त उभे राहायला जमीन नव्हती.

जागेविषयी एवढेच सांगते, की सशाचे कान घड्याळातल्या अकरा आणि एकच्या ठिकाणी बसवावेत, मांजर आणि उंदीर यांचे दहा आणि दोनच्या. ही जागा चुकली की आकार बरोबर असूनही प्राणी ओळखू येत नाही.

प्रश्न : मी ग्लू गनने मांजराचे कान चिकटवले होते. दुपारी सामानाच्या पिशवीतून नेले आणि रंगमंचामागे पाहिले तर एक कान सुटलेला. याहून पक्का गोंद कोणता?
— एक शिक्षिका, इचलकरंजी

उत्तर : आपल्याला गोंद बदलायला सांगावे असे मला वाटत नाही. कान शिवावेत, असेच सांगेन. हेअरबँडचे गुळगुळीत प्लास्टिक गोंदाला नीट धरत नाही, आणि ग्लू गनचा गोंद मुळात उष्णतेने वितळणारा असल्यामुळे उन्हात तापलेल्या गाडीत किंवा पिशवीत तो पुन्हा नरम होतो. थंड झाल्यावर तो कडक दिसतो, पण प्लास्टिकवरून सबंध पापुद्रा सुटून येतो. झटपट चिकटवणारा पातळ गोंदही इथे उपयोगाचा नाही. त्याच्या वाफेने टिकल्यांवर पांढुरका थर धरतो, शिवाय तो केसांजवळ वापरणे धोक्याचे आहे.

आपल्या जिल्ह्यातली वस्तूच पाहा. जुन्या पद्धतीच्या कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो. चामड्याचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात आणि माणसाचे सगळे वजन ती शिवण वर्षानुवर्षे सोसते. कानाला तर वाऱ्याचा आणि मुलाच्या उड्यांचाच भार असतो. बँडवर रिबीन गुंडाळली की सुईला धरायला कापड मिळते. मग दुहेरी पॉलिस्टर दोऱ्याने कानाच्या बुडाशी पुढून आणि मागून आठ-दहा टाके पुरे होतात. ग्लू गन वापरायचीच असेल, तर रिबिनीचे सुरुवातीचे आणि शेवटचे टोक बसवण्यापुरती वापरावी आणि तिचे तापलेले टोक टिकल्यांना लागू देऊ नये.

माझ्या पुतणीसाठी एकदा तयार बँड विकत आणला होता. नाचाच्या दुसऱ्या कडव्याला त्याचा कान पडला आणि ती उरलेले कडवे एका हाताने डोके धरून नाचली. तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही. म्हणूनच मी प्रत्येकीला सांगते, की कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कान धरून सबंध बँड उचलावा आणि हलवून पाहावा. टाके तेव्हा सैल निघाले, तर अजून एक रात्र हाताशी असते.

प्रश्न : सासूबाईंच्या पेटीत ६ मिमीच्या सुट्या टिकल्या निघाल्या आहेत. उंदराच्या गोल कानांवर त्या हाताने लावाव्यात असे मनात आहे. किती लागतील आणि कशा लावाव्यात?
— एक वाचक, कागल

उत्तर : आधी एक टिकली कोमट पाण्यात टाकून पाहावी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जिलेटीनच्या टिकल्याही बनत असत आणि त्या पाण्यात विरघळतात. आपल्या टिकल्या तशा निघाल्या तर घामाच्या ठिकाणी वापरू नयेत, आठवण म्हणून जपाव्यात.

उंदराचा कान ९ सेंमी व्यासाचा धरला तर एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौ. सेंमी भरते. टिकलीला टिकली लावून बसवल्या, तर साधारण १८० लागतील. कौलांसारख्या अर्ध्याअर्ध्या एकमेकींवर चढवल्या, तर ७०० च्या आसपास. दोन कानांना १४०० टाके घालणे म्हणजे कित्येक संध्याकाळी जातील, तेव्हा आपल्या हाताचा वेग पाहून ठरवावे. मधला मार्गही आहे. दोऱ्यात ओवलेली टिकल्यांची लड आणून ती कडेपासून आत गोल-गोल फिरवावी आणि दर १ सेंमीवर एक टाका घालावा. ओळींत ४ मिमी अंतर ठेवल्यास एका कानाला १.६ मीटर लड पुरते, आणि पेटीतल्या टिकल्या केवळ कडेच्या शेवटच्या दोन ओळींना वापरता येतात, जिथे नजर आधी जाते.

सुटी टिकली लावताना दोरा मेणावर ओढून घ्यावा. सुई खालून टिकलीच्या भोकातून वर काढावी, एक बारीक मणी ओवावा आणि त्याच भोकातून परत खाली जावे. मण्यामुळे टाका दिसत नाही आणि टिकली फिरत नाही. दर पाच-सहा टिकल्यांनंतर मागे गाठ मारावी, म्हणजे एक दोरा तुटला तरी सगळी ओळ जात नाही. सगळे भरतकाम कान बँडवर बसवण्याआधी, कापड ताणून धरलेल्या रिंगमध्ये करावे.

गोल कान म्हटले की मुलांना १९२८ साली पडद्यावर आलेला मिकी माउस आठवतो. चित्रात त्याने मान कशीही वळवली तरी त्याचे कान गोलच काढले जातात. खऱ्या बँडवर ते शक्य नसते, बाजूने ते पातळ पट्टीसारखे दिसतात. दोन्ही कान किंचित पुढे आणि जरासे बाहेर कललेले बसवले, तर प्रेक्षागृहाच्या दोन्ही टोकांना बसलेल्यांना गोलाई दिसते आणि समोरचा दिवाही टिकल्यांवर पडतो.

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा आहे. त्यालाही असाच बँड करून द्यावा का? मोठ्या नातीला बँडने कानामागे दुखते, त्यावरही सांगावे.
— एक आजी, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आजी, नातवासाठी टिकल्या नकोत. त्या वयाची मुले हाताला लागेल ते तोंडात घालतात, आणि सुटलेली टिकली किंवा मणी घशात अडकू शकतो. त्याला फेल्टचे साधे कान, तेही बँडवर न लावता कापडी टोपीला शिवून द्यावेत. तार घालू नये.

नातीचा बँड दोन्ही टोकांनी दाबतो आहे. तिच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा किंचित रुंद अशा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर तो रात्रभर ताणून ठेवावा आणि टोकांच्या शेवटच्या ३ सेंमीवर फेल्टची दुहेरी घडी शिवावी. रिबिनीची गाठ किंवा टाक्यांची गाठ कानामागे येत नाही ना, तेही बोटाने चाचपून पाहावे. कार्यक्रम संपल्यावर बँड धुवू नये. आतली बाजू ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावी आणि कानांना कागदाचा आधार देऊन बुटांच्या खोक्यात उभा ठेवावा.